पाठचं भावंड

बेर्गगासे १९. व्हिएन्नात राहून चार वर्षं झाली, आणि या घरापर्यंत पोचायला मला तेवढीच वर्षं लागली. मनात दडलेलं बोलण्यातून उलगडणाऱ्या मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड इथे १८९१ ते १९३८ राहिला. आता संग्रहालय आहे, पण आत बरंचसं रिकामं. रुग्ण ज्यावर आडवे पडून बोलायचे तो कोच लंडनला गेला, तो तिथेच राहिला. प्रतीक्षेच्या खोलीतलं सामान तेवढं त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, परत दिलं. त्या खोलीत मी बराच वेळ उभी होते आणि मनात येत होता ज्युलियस.

ज्युलियस हा फ्रॉइडचा पाठचा भाऊ. १८५७ मध्ये जन्मला आणि वर्षाचा व्हायच्या आत गेला. तेव्हा फ्रॉइड दोन वर्षांचाही नव्हता. पुढे चाळिशी उलटल्यावर, ३ ऑक्टोबर १८९७ ला, त्याने विल्हेल्म फ्लीस या मित्राला लिहिलं, की या भावाचं येणं आपल्याला सहन झालं नव्हतं, मनात त्याचं वाईट चिंतलं होतं, आणि तो गेल्यावर अपराधाचं बीज आत राहून गेलं. बारा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, त्याच मित्राला लिहिलेल्या पत्रात इडिपस येतो, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ग्रीक नाटकातला राजा. आई, वडील आणि मूल. पुढचं जवळजवळ सगळं मनोविश्लेषण या तिघांभोवती फिरलं. ज्युलियस मागे पडला. मला या बारा दिवसांचं फार वाटतं.

भावंडं फ्रॉइडच्या लिखाणात नाहीत असं नाही. १९०९ मध्ये त्याने ज्याची हकिगत प्रसिद्ध केली तो ‘छोटा हान्स’ हा मुलगा याच शहरातला. साडेतीन वर्षांचा असताना त्याला बहीण झाली. थोड्याच दिवसांत त्याचा घसा बिघडला आणि तापात तो म्हणत होता, मला बहीण नको. पण पुढे हान्सला जडलेली घोड्यांची भीती उलगडताना शेवटी महत्त्व मिळालं ते वडिलांना.

भावंडांना त्यांची जागा हक्काने मागून दिली ती ज्युलिएट मिचेल या ब्रिटिश मनोविश्लेषक बाईंनी, विशेषतः त्यांच्या २००३ च्या पुस्तकात. त्यांचं म्हणणं असं, की आपण नाती फक्त वर-खाली पाहत आलो, आई-बापाकडून मुलाकडे. आडवी नाती पाहिलीच नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘घरातलं बाळ म्हणजे मी’ एवढंच ठाऊक असतं. मग एक दिवस बाळ दुसरंच कुणीतरी असतं. मग मी कोण? हा धक्का नुसत्या हेव्याचा नाही, आपण पुसले गेल्याचा आहे. आणि त्याच बाळावर जीवही जडतो, कारण ते अगदी आपल्यासारखंच असतं. ‘सख्खे भाऊ पक्के वैरी’ म्हणताना आपण यातला अर्धाच भाग सांगतो.

माझी बहीण झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. चांगली धावत होते, ती पुन्हा रांगायला लागले, असं आई सांगायची. ऐकताना मला दरवेळी लाज वाटायची. मिचेल वाचल्यावर त्या रांगणाऱ्या मुलीची पहिल्यांदा कणव आली.

संग्रहालयातून निघताना मात्र डोक्यात फ्रॉइडच्या बहिणी होत्या. जून १९३८ मध्ये तो नाझींच्या तावडीतून लंडनला निसटला, धाकटा भाऊ अलेक्झांडरही देशाबाहेर पडला. चार म्हाताऱ्या बहिणी व्हिएन्नातच राहिल्या आणि चौघीही नाझींच्या छळछावण्यांत संपल्या. त्यांतली आडोल्फिन आजच्या चेक देशातल्या तेरेझिनच्या छावणीत मरण पावली.

त्याच तेरेझिनमधून १९४५ मध्ये सहा मुलं इंग्लंडला आणली गेली. तीन-चार वर्षांची, आई-बाप आठवणीआधीच गमावलेली. ससेक्समधल्या एका घरात त्यांना वर्षभर एकत्र ठेवलं. मुलांची मनोविश्लेषक झालेली ॲना फ्रॉइड आणि त्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डान यांनी त्यांच्यावर लिहिलेला निबंध १९५१ चा. मोठ्या माणसांना ही मुलं चावायची, थुंकायची, पण एकमेकांना सोडायची नाहीत. एकाला खाऊ मिळाला की आधी दुसऱ्याला मिळाला का ते बघायची. ती सख्खी नव्हती. ॲना फ्रॉइडने कारण नेमकं पकडलं: वाटून घ्यायला आईच नव्हती, म्हणून तिच्यासाठीचं भांडणही नव्हतं. जिच्या आत्याचा शेवट त्याच छावणीत झाला, तिने हे लिहिलंय. वाचताना मी दरवेळी इथे थांबते.

त्या रात्री बहिणीला फोन केला. आई जाऊन दोन वर्षं झालीत, त्यामुळे रांगण्याची गोष्ट आता आम्हा दोघींनाच माहीत आहे. ती मुलगी बिचारी किती घाबरली असेल, असं मी म्हणाले.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ताई, मला ती गोष्ट फार आवडायची. मला वाटायचं, मला एकटीला रांगावं लागू नये म्हणून तू खाली आलीस.”