‘मला इंग्रजी बोलता येत नाही’ हे आधी तपासून बघा

मराठी माध्यमातून शिकलेली कितीतरी हुशार मुलं मीटिंगमध्ये गप्प बसतात. फार वाईट वाटतं, कारण हे वाक्य त्यांनी कधी तपासलेलंच नसतं. कॉग्निटिव्ह थेरपीत, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, असा समज अंदाज म्हणून लिहून पडताळतात. वहीत लिहा: ‘उद्या बोललो तर सगळे हसतील, खात्री ९० टक्के.’ मीटिंगमध्ये दोनच वाक्यं बोला. त्याच दिवशी नोंदवा: कोण हसलं, कोणी काय विचारलं. खात्रीचा आकडा पुन्हा टाका.

बहुतेकांची गल्लत इथे होते: वाक्यं घोकून जातात. मग बोलणं नीट झालं तरी मन श्रेय पाठांतराला देतं आणि समज जागचा हलत नाही. म्हणून मुद्दा डोक्यात असू द्या, कागद नको. अडखळलात तरी वाक्य पुरं करा. पुढच्या खेपेला एक प्रश्नही विचारा.