बिलासपूर ते थानेधार: कमी थंडीचं सफरचंद आणि ती 'पंधरा मिनिटांची' उतरण

हिमाचलातल्या थानेधारच्या डोंगरधारेवर उभं राहून कोणी खाली बोट दाखवत "वो रहा बगीचा, पंद्रह मिनट" म्हणालं, तर आधी विचारा: कुणाची पंधरा मिनिटं? आणि वर यायला किती? मी विचारलं नाही. उतरायला सव्वा तास लागला, वर यायला तीन. आज चौथा दिवस आहे आणि मी अजून जिना उलटा उतरतोय. पुढे कुठे कडवट लागलं तर ते त्या चढाचं समजा.

निघालो ते एका फसवणुकीमुळेच. दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून 'हिमाचलची कमी थंडीची कलमं', म्हणजे हिवाळा सौम्य असला तरी फळणारी, म्हणून सफरचंदाची दहा रोपं आणली होती. त्यातल्या सहांना कलमाचा सांधाच नव्हता. सरळसोट बुंधा, म्हणजे बियांची रोपं. सफरचंदाचं बी आईसारखं कधीच निघत नाही. एकाच फळातल्या पाच बियांची पाच वेगळी झाडं होतात. म्हणून वाण टिकवायचं तर कलमच हवं. मला हे तेव्हाही ठाऊक होतं, पण घेताना खाली वाकून बघितलं नाही. म्हटलं, आता मूळ झाडंच बघून येऊ.

वेळ जूनचा दुसरा-तिसरा आठवडा ठेवा. खाली बिलासपुरात कमी थंडीचं फळ तेव्हा पिकलेलं असतं आणि वर थानेधारच्या आसपासच्या कोटगढ भागात रॉयल डेलिशस हे नेहमीचं लाल सफरचंद अजून हिरवं, लिंबाएवढं. दोन्ही एकाच फेरीत बघायला मिळतं. जून संपता संपता पाऊस येतो, त्यानंतर या रस्त्यांवर दरडींचा भरवसा नाही.

बिलासपूर हे लोकांच्या डोक्यातलं हिमाचल नव्हे. समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे-सातशे मीटर, समोर गोविंद सागर जलाशय, आणि दुपारी बारानंतर डोकं तापवणारं ऊन. स्वेटर घेऊन आलेले दोघे बसमध्ये भेटले, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. याच जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा. घुमारवींहून आणलेल्या सफरचंदांच्या बिया १९९८ मध्ये त्यांनी परसात टाकल्या, त्यातलं एक रोप तगलं आणि १,८०० फुटांवर, जिथे सफरचंद होत नाही असं सगळे म्हणत होते, तिथे २००१ मध्ये फळलं. त्याच्या काड्या त्यांनी आलुबुखाऱ्यावर बांधून बघितल्या. तेच आजचं एचआरएमएन-९९. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मोबाईलवर सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचा अर्थ मात्र लोक उलटा लावतात. एका टाकलेल्या बीतून वाण निघालं, म्हणजे आपणही बिया टाकाव्यात, असं नाही. वाण पैदास करणारे मुद्दाम संकर करून हजारो रोपं लावतात, प्रत्येकाला पहिलं फळ यायला पाच-सात वर्षं थांबतात आणि बहुतेक सगळी उपटून टाकतात. उन्हाळी प्रदेशांसाठी न्यूझीलंड आणि कॅटलोनियाच्या संशोधकांनी २००२ मध्ये एकत्र काम सुरू केलं. त्यातलं पहिलं वाण 'टुट्टी' या नावाने लोकांसमोर आलं २०२३ मध्ये. एकवीस वर्षं! आणि आपला नर्सरीवाला दरवर्षी 'नवीन सुधारित वाण' देतो.

घुमारवींजवळच्या एका बागेत झाडाखालीच फळ खाल्लं. रसदार, आंबट-गोड, साल पिवळी आणि त्यावर लालसर झाक. आवडलं. झाडावर फळं खरंच लगडलेली होती, तेव्हा 'गरम भागात सफरचंद, हे सगळं खोटं आहे' म्हणणाऱ्यांनीही गप्प बसावं. चार फळं विकत घेऊन पिशवीत टाकली. त्यांचं पुढे सांगतो.

शिमला, मशोबरा दोन दिवस. हवा छान, जेवण छान, झोप छान. लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच, की मशोबऱ्याच्या संशोधन केंद्रात काश्मिरी अंबरीचा डेलिशस गटाशी संकर करून अंबरेड, अंबस्टार्किंग अशी वाणं फार पूर्वी काढली गेली. पुढे कोटगढात मी भेटेल त्याला त्यांची झाडं विचारली. एकानेही दाखवली नाहीत. वाण तयार होणं आणि ते बागेत शिरणं यात किती अंतर असतं, ते तिथे कळलं.

शिमला ते नारकंडा साठेक किलोमीटर, तिथून थानेधार सतरा-अठरा. बसने जा. नारकंड्याला टॅक्सीवाले 'बस गेली' म्हणतात. ती गेलेली नसते, चहा पीत असते. थानेधारला सत्यानंद स्टोक्स यांचं घर, हार्मनी हॉल, आहे. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये आलेला हा माणूस; १९१६ मध्ये त्याने डेलिशसची झाडं इथे लावली आणि इंग्रजांची आंबट सफरचंदं मागे पडली. आज या उतारांवर जे काही दिसतं ते त्या झाडांचं गोत आहे.

आता ती उतरण. धारेची उंची सुमारे २,२०० मीटर, खाली सतलज. मला बघायचा होता तो बगीचा १,५०० मीटरच्या आसपास. ड्रायव्हरने वरून दाखवला तेव्हा पत्र्याचं छप्पर हाताच्या अंतरावर वाटलं. पहिला अर्धा तास बरा, बागांमधून पायवाट, वर गारांच्या जाळ्या ताणलेल्या. मग चिडाची (पाइनची) झाडं लागतात आणि खाली वाळलेल्या सुयांचा थर. ओल्या शेवाळापेक्षा वाईट. बुटांचे दात चांगले होते तरी तीनदा बसलो. एका जागी वाट ओढ्याने खाल्लेली, पाऊण फूट रुंदी, बाजूला काटेरी झुडूप, तेही उताराच्या दिशेने झुकलेलं. काठी नेली नव्हती. तुम्ही न्या.

पण खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासात शिकायला मिळालं ते याच घसरणीवर. झाड थंडी मोजतं. सात अंशांखालचे तास हिवाळाभर साठत जातात. रॉयलला असे हजार-बाराशे लागतात, ॲनासारख्या इस्रायली वाणाचं दोनशे-तीनशेत भागतं. हिशेब पुरा झाला नाही तर झाड अर्धवट जागं होतं: शेंड्याचे डोळे फुटतात, बाजूचे झोपलेलेच, फुलोरा रेंगाळतो, फळ धरत नाही. हे मी वाचलं होतं. उतरताना दिसलं. वर जुनी रॉयल भरलेली. दोनशे मीटर खाली तीच झाडं, तेवढीच जाड, पण फांद्या मधून उघड्या. आणखी खाली नुसते कापलेले बुंधे आणि त्यांच्यामध्ये आलुबुखारा, डाळिंब. एक म्हातारे बागवान म्हणाले, या बुंध्यांवर त्यांच्या वडिलांनी पेट्या भरल्या होत्या. हिवाळा वर सरकला, बाग खाली राहिली.

त्यांनी त्याच जागी ॲना आणि डॉरसेट गोल्डन लावलंय. दोन्ही एकत्र, कारण ॲनाला परागासाठी सोबती लागतो आणि डॉरसेट त्याच वेळी फुलतं. मी विचारलं, मग वरही हेच का लावत नाही? ते हसले. कमी थंडीचं झाड लवकर जागं होतं. वर लावलं तर थंडी सरायच्या आत फुलतं आणि एका रात्रीच्या गोठलेल्या दवात फुलोरा जळतो. म्हणजे 'कमी थंडी' हा गुण जागेपुरता आहे. उंचावर तोच दोष. शिवाय थंडीचे तास भागले म्हणजे उष्ण हवामानाचं सगळं भागलं असंही नाही. रात्री गार नसतील तर लाली चढत नाही, उन्हाने साल भाजते, आणि गर लवकर पिठाळ होतो.

या शेवटच्याची साक्ष माझ्या पिशवीत होती. घुमारवींची चार फळं, पाचवा दिवस, बिनाफ्रिजची. चढताना पहिल्या विसाव्यात एक काढलं. रवा. दुसरंही रवा. उन्हात, तहानेने, तीही संपवली, पण व्यापार करायचा असेल तर हे लक्षात ठेवा: हे घरचं आणि जवळच्या बाजाराचं फळ आहे, जूनमध्ये दुसरं ताजं देशी सफरचंद फारसं नसतं म्हणून भाव मिळतो. दूरच्या मंडीची स्वप्नं बघू नका.

लावणाऱ्यांना एवढंच सांगेन: रोप घेताना जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा शोधा. सांधा नाही, तर पैसे नाहीत. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय तो, कोणता ते विचारा. 'एमएम-१११' की 'एम-९' हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून कलम घेऊ नका. दहाच लावा, शंभर नको.

आणि जाणाऱ्यांना: उतरणार असाल तर पहाटे सहाला, दोन लिटर पाणी घेऊन. मी साडेदहाला निघालो होतो. खालच्या वाडीतून गाडीरस्ता वळसा घेत वर जातो, हे मला खाली पोचल्यावर कळलं. तिथे एक पिकअप उभी होती. आठ किलोमीटरचे बाराशे मागितले. मी रागाने नाही म्हणालो आणि चालायला लागलो. चूक माझी. दुसऱ्या विसाव्याला मी दोन हजारही दिले असते. आठशेपर्यंत तो उतरला असता असं बागवान म्हणाले होते. तुम्ही सहाशेपासून सुरुवात करा, आणि जमलं नाही तरी बसा.