अनोळखी नंबर

संध्याकाळी रामबागेत काकांकडे चहाला बसलो होतो. त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. काकूंच्या हातातली गाळणी तशीच थांबली. काकांनी घसा साफ करून "हॅलो" म्हटलं.

क्रेडिट कार्डवाला निघाला! काका शांतपणे म्हणाले, "नको बेटा, थँक्यू."

किडनी मिळावी म्हणून प्रतीक्षा यादीत नाव आहे त्यांचं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. चहाही मोजून अर्धा कप. असले कॉल आपण सरळ कट करतो, त्यांना प्रत्येक उचलावा लागतो; न जाणो, किडनी मिळाल्याचा हॉस्पिटलचा कॉल असेल. काढलेली किडनी साधारण २४ ते ३६ तासच टिकते, त्यात क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याशी रक्ताच्या चाचणीतली जुळणी, व्हायला हवी.

"अवयव नेणाऱ्या ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करतात ना, त्या ग्रीन कॉरिडॉरचा सायरन ऐकला की आधी आशा वाटते, मग लाज," काका म्हणाले. "कुणाच्या तरी घरी रडारड चालू असेल ना. देवापुढे मागायचं तरी काय?"

मला उत्तर सुचेना. काकूंनीच झापलं, "काही मागू नका, नुसता नमस्कार करा!"

अवयवदानाचा कायदा १९९४ पासून आहे. इंदूरच्या ग्रीन कॉरिडॉरचं आपल्याला कौतुकही फार. पण डोनर कार्ड भरलेलं असलं तरी ऐन वेळी होकार घरच्यांचाच लागतो. तुमच्या घरी हा विषय कधी निघालाय?