रेकॉर्डमधला बास अशक्त वाटतो तेव्हा

रेकॉर्ड वाजवताना बास अशक्त वाटू लागला की नव्या कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या, तिच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाची) किंवा मोठ्या स्पीकरची खरेदी मनात घोळू लागते. माझा आग्रह असा, की त्याआधी आवाज नेमका कोणत्या प्रकारे अशक्त आहे हे लक्षपूर्वक ऐकावे, कारण दोषाचे ठिकाण बहुतेक वेळा त्यावरूनच कळते.

आवाज एकंदरच अगदी लहान, पातळ आणि चिरका येत असेल, तर कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प वगळला गेल्याची शक्यता सर्वांत मोठी. खर्जाच्या स्वरांसाठी रेकॉर्डवरची खाच फार रुंद हेलकावे घेते आणि शेजारच्या खाचेत घुसण्याचा धोका असतो. म्हणून रेकॉर्ड कोरतानाच खर्ज मुद्दाम कमी केला जातो आणि वरचे स्वर वाढवले जातात. १९५४ पासून रूढ झालेल्या, रेकॉर्ड कोरण्याच्या आरआयएए प्रमाणानुसार २० हर्ट्झला ही घट १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल असते. ती भरून काढण्याचे काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असा खटका असल्यास आधी तो पाहावा (लाइनवर टर्नटेबलमधला प्रीअ‍ॅम्प चालू असतो, फोनोवर बंद): प्रीअ‍ॅम्प एकदाच लागला पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही.

आवाजाची पातळी ठीक आहे, गायकाचा आवाज मात्र दोन स्पीकरांच्या मध्ये न ठरता विखुरल्यासारखा वाटतो आणि ढोल, बेस गिटार पोकळ लागतात, असे असेल तर एका चॅनेलची जोडणी उलटी झालेली असते. एका स्पीकरचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज परस्परांना खोडून काढतो. त्याच स्पीकरांवर फोनमधले गाणे लावून पाहावे. तेही पोकळ वाटले तर स्पीकरच्या तारा तपासाव्यात. ते भरदार वाजले तर दोष कार्ट्रिजकडे असतो. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर परीक्षा आणखी सोपी होते, कारण कार्ट्रिजच्या तारा उलट असल्यास ते दाबताच रेकॉर्डमधला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हेडशेलमधल्या (कार्ट्रिज ज्यावर बसते त्या टोकाच्या भागातल्या) चार बारीक तारांपैकी पांढरी डाव्या चॅनेलची धन व निळी ऋण, तर तांबडी उजव्या चॅनेलची धन व हिरवी ऋण असते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, चिमट्याने तारेऐवजी तिच्या टोकाची क्लिप धरून त्या नीट बसवाव्यात. या तारा फार नाजूक असतात.

जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचे गणित वेगळे आहे. त्याला सुमारे १० लाख ओहम रोधाचा इनपुट लागतो. दहा ते पन्नास हजार ओहमच्या नेहमीच्या लाइन इनपुटला जोडल्यास खर्ज गळतो, आणि त्यात कार्ट्रिजचा काहीच दोष नसतो.

सुईचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत आहे ना, हे छोट्या वजनकाट्यावर पाहावे. तो कमी असेल तर सुई खाचेत घट्ट बसत नाही आणि जोरकस जागी आवाज फाटतो.

एवढे करूनही एखादीच रेकॉर्ड पातळ वाजत असेल, तर तिच्या एका बाजूची लांबी पाहावी. २५ मिनिटांहून अधिक संगीत एका बाजूवर बसवायचे असल्यास कोरणाऱ्याला पातळी आणि खर्ज आवरता घ्यावा लागतो, आणि तो खर्ज कोणत्याही जोडणीने परत मिळत नाही. यंत्रणा तपासण्यासाठी कमी लांबीची, शक्यतो मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड निवडावी.