डावं पान

आमच्या सरांना वहीच्या उजव्या पानाचा फार संशय. फिल्डवर गेलं की डाव्या पानावर डोळ्यांना दिसलं ते लिहायचं आणि उजव्यावर त्यावरून जे वाटलं ते. दोन्हींची सरमिसळ केलेली वही ते न तपासता परत द्यायचे.

जिऑलॉजीची आमची पहिली फिल्ड निघोजला होती. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायचे आणि अर्धा तास बसून लिहायचं. बहुतेकांनी डाव्या पानावर झोकात लिहिलं, 'पाण्याच्या जोराने खडक झिजून खळगे तयार झाले.' सर एकाशेजारी उकिडवे बसले.

"झिजताना बघितलंस?"

"नाही सर."

"मग हात घाल आत."

आत तळाशी गुळगुळीत गोटे होते. भिंतीही तशाच गुळगुळीत, तोंडापेक्षा पोट मोठं. एवढं डावीकडे आल्यावर मग उजव्या पानाची परवानगी मिळाली: पुराच्या भोवऱ्यात हे गोटे गरगरत राहतात आणि बेसाल्ट कोरत खाली जातात.

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत ऋषितुल्य झालं, ज्ञानमहर्षी झालं, चालताबोलता ज्ञानकोशही झाला. बोलणाऱ्यांची माया खरीच होती, पण मला सारखं वाटत होतं, सर असते तर सगळ्यांच्या वह्या परत दिल्या असत्या. म्हणून मला दिसलं तेवढं इथे लिहिते.

उंची बेताची. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. गळ्यात काळ्या दोरीला भिंग. होमिओपॅथीच्या बाटलीत पातळ ॲसिड, कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) फसफसतो का ते बघायला. त्याच ॲसिडने स्वेटरला पाडलेली भोकं. खिशात गूळ-शेंगदाणे, पण मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. दगड जिभेला लावून बघायची सवय. घाटात दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा दिसला की हमखास थांबायचे. "चाटून बघा, चिकटतो." आम्ही चाटायचो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापेक्षा त्यांचा जीव त्या पट्ट्यावर. खालचा थर निवला, कुजला, त्याची माती झाली, इतका वेळ मिळाला आणि मग वरचा लोंढा आला, हे तो पट्टाच सांगतो म्हणून.

एकदा एसटीत नमुन्यांचं पोतं चढवताना कंडक्टरने विचारलं, काय आहे?

"दगड."

"कुठले?"

"तुमच्याच गावचे."

पोत्याचं लगेज तिकीट फाडलं गेलं, ते सरांनी शांतपणे खिशात घातलं आणि पुढे कॉलेजकडे बिलाला लावलं. मंजूर झालं का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

पुढे मी भूजलाच्या कामाला लागले. एका गावात विहिरीची जागा दाखवायला गेले, तर माझ्या आधी पाणाडी हजर. तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरत होता. नारळ उभा राहील तिथे पाणी. सर त्या दिवशी माझ्यासोबत होते. मला वाटलं, आता त्याची हजेरी घेतील. त्यांनी त्याच्यामागून अख्खं शेत पालथं घातलं आणि डाव्या पानावर लिहिलं: उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण, जुन्या बारवेची दिशा. उजवीकडे लिहिलं: 'या माणसाला गावातली प्रत्येक विहीर पाठ आहे. नारळाचा संबंध नाही.' परतताना मी म्हणाले, याच्या कोरड्या गेलेल्या विहिरी कोण मोजतं सर? ते म्हणाले, "आणि तुझ्या?" गाडीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

शोकसभेनंतर काकूंनी कपाट उघडून दाखवलं. सगळ्या वह्या तारखांनुसार लावलेल्या. 1972 च्या दुष्काळापासून पारनेरकडच्या एका गावातल्या विहिरींची पाणीपातळी ते दर मे महिन्यात मोजत होते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. टेपच्या टोकाला वजन, शेवटच्या काही फुटांवर खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि खडू जिथपर्यंत भिजला तो आकडा सोडलेल्या टेपच्या लांबीतून वजा करायचा. सोबत प्रत्येक विहिरीचा छेद: माती, मुरूम, मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसाल्ट), काळा पाषाण. मांजऱ्यात पाणी मुरतं आणि साठतं, पाषाणात भेग असेल तरच. नव्वदीनंतरच्या वह्यांत 'कोरडी' हा शब्द वाढत जातो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'शेजारच्या शेतात बोअर' आणि बोअरची खोली. ती खोली दर काही वर्षांनी वाढलेली. समोरची उजवी पानं मात्र कोरी. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना त्यांनी निष्कर्ष का लिहिला नाही, यावरून आमच्या बॅचमध्ये वाद चालू आहे. माझं मत असं की पावसाचे आकडे त्यांना पुरेसे मिळाले नसावेत, आणि त्या आकड्यांशिवाय बोअरवर बोट ठेवणं त्यांना पटलं नसतं. (हे माझं उजवं पान.)

वह्या ठेवून घ्याल का, असं एके ठिकाणी विचारलं. त्यांना म्हणे एक्सेल शीट हवी. ती आम्ही करतोय. पानांचे फोटो काढणं आणि आकडे भरणं चौघांत वाटून घेतलंय. पावसाचे आकडे मिळवायचं काम माझ्याकडे आहे. येत्या मे महिन्यात त्याच विहिरींवर जायचं ठरलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी टेप, खडू आणि टोपी आपापली आणावी. गूळ-शेंगदाणे मी आणते, मागावे लागणार नाहीत.