गाडलेले बांध, काळं रान आणि वाफशाची वाट: माझा अनुभव

सीनाकाठच्या काळ्या रानात मातीखाली गेलेले जुने बांध भूभौतिक सर्वेक्षणाने शोधायचं प्रत्यक्ष काम चार दिवसांचं. मला मार्चपासून ऑगस्ट लागला. यंत्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं, अडलं ते वाफशावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा बेताच्या ओलीवर.

जमिनीत लाट सोडून खालचं दाखवणाऱ्या रडारचा विषय आधी संपवतो. काळ्या मातीतली चिकणमाती ओली असली की वीज इतकी वाहून नेते की रडारची लाट हात-दीड हातातच मरते. सोलापूरकडे ते भाड्याने आणू नका.

रेझिस्टन्स मीटर, म्हणजे माती विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र, चालतं. फिरत्या चौकटीला एकमेकींपासून अर्ध्या मीटरवर दोन सळ्या, आणि दुसरी जोडी मोजायच्या जागेपासून किमान 15 मीटर लांब रोवलेली. 20 बाय 20 मीटरचा एक चौकोन, दर मीटरला एक, म्हणजे 400 नोंदी. खोली मिळते अर्धा-पाऊण मीटर. बांध त्याखाली असेल तर सळ्यांतलं अंतर एक मीटर करा आणि लांबची जोडी 30 मीटरवर न्या.

आता अडलेली गोष्ट. मार्चमध्ये ज्वारी निघते, रान मोकळं होतं, मालकही हो म्हणतो. म्हणून सगळे तेव्हाच जातात, मीही गेलो. पण तोवर जमीन उललेली असते. भेगेत अख्खा हात जातो. सळी भेगेच्या कडेला पडली की आकडा मर्यादेबाहेर, वीतभर सरकवली की भलताच. नकाशावर बांध नाही, भेगांचं जाळं उमटतं. लांबच्या जोडीला मिठाचं पाणी घाला, तिथे चालतं. फिरत्या सळ्यांच्या प्रत्येक जागी तांब्याने पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका. आपण ओतलेलं पाणीच मोजलं जातं.

भर पावसात उलटं. सगळं रान सारखंच ओलं. ओल्या काळ्या मातीची रोधकता (विजेला अडवायचा गुण) 10 ओहम-मीटर धरली तर अर्ध्या मीटरच्या चौकटीवर आकडा जेमतेम 3 ओहम दिसतो. दगडी तालीचा, म्हणजे दगड रचून घातलेल्या बांधाचा, फरक त्यात ओहमभराचा. यंत्र एक दशांश ओहमवर लावलेलं नसेल तर तो फरक दिसतच नाही.

म्हणजे हवा वाफसा. तो छान जमतो परतीच्या पावसानंतर, ऑक्टोबरात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालदांडी ज्वारीची तिफण रानात असते. वाफशाला पेरणी सोडून आपल्याला दोऱ्या ताणू देणारा शेतकरी अजून जन्माला यायचाय, आणि त्याचं काही चुकतही नाही. याचा राग धरण्यात मी बरेच दिवस घालवले.

तोड आहे ती रब्बीच्या पडीक रानात. खरिपात ते रिकामंच असतं, फक्त कुळवाच्या पाळ्या चालू. जुलै-ऑगस्टात चांगला पाऊस होऊन चार-सहा दिवस उघडीप मिळाली की लगेच गाठायचं. कुळवलेला वरचा दोन-तीन इंचांचा थर भुसभुशीत असतो, म्हणून सळ्या 15 सेंटिमीटर आत जातील अशा घ्या. एक चौकोन अर्धवट टाकून दुसऱ्या दिवशी पुरा करू नका. रात्रीतून ओल बदलते आणि नकाशावर सरळ शिवण दिसते. नवखे तिलाच बांध समजतात.

एक कटू गोष्ट. निव्वळ काळ्या मातीचा बांध बहुतेक सापडत नाहीच. ही माती फुगते, उलते, वरचं भेगेतून खाली जातं, शतकानुशतकं स्वतःलाच नांगरत राहते. हाती लागतात त्या दगडी ताली, आणि गाळाने भरलेले चर. तालीवर आकडा चढतो, चरावर उतरतो.

मॅग्नेटोमीटर (जमिनीतला चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) सोबत असेल तर चालवा, पण इथला दगडच चुंबकीय. बेसॉल्टचा सुटा धोंडासुद्धा कोकलतो. शिवाय आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा उतार, म्हणजे त्याने जमिनीशी केलेला कोन, साधारण 25 अंशच, त्यामुळे उत्तर-दक्षिण बांध पूर्व-पश्चिम बांधापेक्षा फिका येतो. फिका म्हणजे नाही, असं समजू नका. तारेच्या कुंपणापासून आणि बोअरच्या केसिंगपासून लांब राहा. दर ओळीला आकड्याची तीच टोचणी (अचानक उसळी) दिसली तर मदतनिसाच्या करदोट्याला किल्ली आहे का बघा. माझ्याकडे होती.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण (मोजणीच्या वेळचा मापांचा कच्चा नकाशा) आणि फाळणी नकाशा (वाटणीतल्या पोटहिश्श्यांचा) आधी काढा, नाहीतर आजोबांच्या वाटणीतला बांध प्राचीन ठरतो. अर्जावर जुना सर्व्हे नंबरही घाला. 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले, जुने कागद त्या आधीच्या नंबरावर आहेत. नुसता गट नंबर लिहिल्यामुळे एका कार्यालयात मला तीन खेपा पडल्या, आणि पहिल्या दोन वेळा कारण कुणी सांगितलंच नाही. टिपणावरची मापं साखळीत असतात. एक साखळी 33 फूट, सोळा आणे.

वाफसा ओळखायचा तर वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर सळ्या घेऊन रानात उतरा. चपटा झाला तर अजून दोन दिवस.