चटणी शेवटी: कोलकात्यात पाच दिवस जेवताना

कोलकात्यात उतरून दोन तास झाले नव्हते, तोवर जेवताना मी पहिली चूक केली.

कॉलेज स्ट्रीटला प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या शेजारी भवानी दत्त लेन नावाची बोळ आहे. तिथं ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’. आधी नुसतंच ‘हिंदू हॉटेल’ होतं. देश स्वतंत्र झाल्यावर नावाआधी ‘स्वाधीन भारत’ आलं. सुभाषबाबू विद्यार्थी असताना इथं जेवायचे, असं सांगतात. संगमरवरी टेबलं, केळीचं पान, आणि एका फळ्यावर खडूनं लिहिलेले त्या दिवशीचे मासे. मला बंगाली अक्षरं लागतात, पण फार सावकाश. मागं माणसं ताटकळत उभी, म्हणून घाईघाईत वाढप्याला म्हटलं, “दादा, सगळं एकदमच आणा.” भात, डाळ, आलू पोस्तो म्हणजे खसखशीतले बटाटे, पाबदा माशाचा झोल म्हणजे पातळ रस्सा, टोमॅटोची चटणी. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आणलं.

मी सवयीनं चटणी पानाच्या डाव्या अंगाला सरकवली, डाळभात कालवला आणि तोंडी लावायला बोटावर चटणी घेतली. टेबलाला अनोळखी माणसंच शेजारी असतात. समोरच्या आजोबांनी आपला घास हातातच थांबवला.

“ओटा पोरे.” म्हणजे, ते नंतर.

आवाजात राग नव्हता. उलट्या पायात चपला घातलेल्या पोराला सांगावं, तसं सांगितलं.

आपल्या पानात जागा ठरलेली असते. मीठ आणि लिंबू वर मधोमध, चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या-आमट्या उजवीकडे. एकदा वाढून झालं की मग कुठूनही कुठंही जा, कोणी विचारत नाही. बंगाली पानात जागेचं एवढं कौतुक नाही, तिथं पाळी ठरलेली आहे. आधी कडू. मग डाळ आणि तिच्यासोबत काहीतरी तळलेलं. मग भाज्या, मग मासा, असलंच तर मटण. त्यानंतर गोड चटणी आणि पापड, आणि अगदी शेवटी दही किंवा मिठाई. प्रत्येक पदार्थाबरोबर थोडा थोडा भात नव्यानं घ्यायचा. म्हणजे भात एकच, पण जेवणं पाच-सहा. मी त्या दिवशी सगळ्या जेवणांचा एकाच वेळी काला केला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच गेले आणि मुकाट्यानं शुक्तोपासून सुरुवात केली. कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वांगं आणि वर दुधाचा हलका हात. कडू पदार्थ मी औषध म्हणून गिळत आले आहे. शुक्तोतलं कडू मात्र जिभेवर चढून बसत नाही, जीभ पुसून जातं. त्यानंतर आलेली भाजलेल्या मुगाची डाळ इतकी गोडसर लागली की आदल्या दिवशीची डाळ हीच का, असं वाटलं. डाळ तीच असणार, पाळी चुकली होती.

अशा खाणावळींना तिथं ‘पाइस हॉटेल’ म्हणतात. पाइस म्हणजे जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. तेवढ्यात जेवता यायचं म्हणून हे नाव. थाळी नाही, प्रत्येक जिन्नस वेगळा मोजायचा. केळीचं पान वेगळं, लिंबाची फोड वेगळी. मला आधी हे फार चिकटपणाचं वाटलं. मग लक्षात आलं की शेजारी एक विद्यार्थी फक्त भात, डाळ आणि एक भाजी घेऊन जेवतोय, समोरचे साहेब तीन तऱ्हेचे मासे घेऊन बसलेत, आणि दोघांचं पान एकाच टेबलावर आहे. थाळीत हे जमत नाही. थाळीत सगळ्यांनी सगळ्याचे पैसे भरायचे.

माशांबद्दल एक कबुली. मी सुरमई-पापलेटवर वाढलेली, म्हणजे एक मधला काटा काढला की मोकळी. गोड्या पाण्यातल्या माशांचे बारीक, दुफाट्याचे काटे तोंडात वेगळे करायची कला मला पाच दिवसांत आली नाही. पाबदा त्यातल्या त्यात दयाळू. आणि जानेवारीत इलिश, म्हणजे हिलसा मासा, मागू नये. त्याचा खरा हंगाम पावसाळ्यातला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर त्या हसल्या. “ओ, बोर्गी!” बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळानं अठराव्या शतकात बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांच्या नावानं तिकडच्या आया आजही अंगाईत पोरांना भीती घालतात. शाळेत आपण ह्या स्वाऱ्या वेगळ्या सुरात शिकलो. ह्याच बर्ग्यांना अडवायला १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला होता. तो पुढं बुजवला, त्याच्यावरून आता बसगाड्या जातात. बागबाजारात मात्र मराठा डिच लेन आहे. तिथं जाऊन उभी राहिले, जरा ओशाळले, आणि रसगुल्ले खायला गेले. नवीनचंद्र दासांनी १८६८ च्या सुमाराला आपला रसगुल्ला ह्याच बागबाजारात केला होता.

कॉलेज स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसबद्दल खरं लिहिलं तर बंगाली मित्र रागावतील. १८७६ चा अल्बर्ट हॉल, कॉफी बोर्डानं १९४२ मध्ये तिथं सुरू केलेलं दुकान, १९५८ पासून कामगारांच्या सहकारी संस्थेकडे. पांढरा पोशाख आणि तुऱ्याचा फेटा घातलेले वाढपी, भिंतीवरून खाली बघणारे रवींद्रनाथ. सगळं मनासारखं. कॉफी साधारण. ‘इन्फ्युजन’ म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, ती एक मागवायची आणि दोन तास बसायचं. कोणी उठवत नाही. चिकन कबिराजी मात्र चुकवू नये: कटलेटवर फेटलेल्या अंड्याची जाळी, तळून फुललेली. नाव वैद्यबुवांचं वाटतं, पण मूळ इंग्रजी ‘कव्हरेज’ असल्याचं म्हणतात. वरच्या गॅलरीतून खालच्या टेबलांचा गलका ऐकला, एक अक्षर कळलं नाही, तरी भांडण कुठं चालू आहे ते कळत होतं.

तिथून जवळच ‘पॅरामाउंट’, १९१८ पासूनचं सरबताचं दुकान. ‘डाब’ म्हणजे शहाळं. त्याचं पाणी आणि मलई घातलेलं सरबत रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांच्या सूचनेवरून झालं, असं दुकान अभिमानानं सांगतं. एक पेला पुरतो. मी दोन प्याले.

चौथ्या दिवशी पहाटे उठून टिरेटा बाजार. लालबाजारच्या मागं, उजाडता उजाडता रस्त्यावर चिनी न्याहारी मांडतात आणि ऑफिसं उघडायच्या आत आवरतात. वाफेवरचे पांढरे बन, माशाच्या गोळ्यांचं सूप, मोमो. अठराव्या शतकाच्या शेवटी आछू नावाचा चिनी माणूस कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढायला आला आणि त्याच्यामागून वस्ती झाली. सूप उभ्याउभ्या प्यायचं. कागदी वाटी इतकी तापली होती की ती ह्या हातातून त्या हातात नाचवताना चव घ्यायला फारशी सवड मिळाली नाही.

कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा का, हा वाद मी रिक्षावाल्याशी घातला. १८५६ मध्ये अवध इंग्रजांकडे गेलं आणि तिथले नवाब वाजिद अली शाह कोलकात्यात मटियाबुर्जला येऊन राहिले. पैशांची चणचण म्हणून मटणाच्या जागी बटाटा घातला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण नवाबांना वर्षाला बारा लाख रुपये पेन्शन होती, आणि बटाटाही तेव्हा नवलाईचाच. मला तर वाटतं, कोणा खानसाम्यानं सहज टाकला असेल आणि तो मटणापेक्षा चविष्ट लागला असेल. लागतोच.

त्याच रात्री एका चकचकीत रेस्टॉरंटमध्ये ‘अस्सल बंगाली थाळी’ घेतली. पितळी वाट्या चौदा, सगळं एकदम, फोटो छान. चव एकच. इतकंच.

निघायच्या दिवशी सकाळी गिरीशचंद्र दे आणि नकूरचंद्र नंदी ह्यांच्या दुकानातून संदेश घेतले. दुकान १८४४ चं, मिठाई लोखंडी जाळीपलीकडे. हिवाळ्यात नोलेन गूड मिळतो, शिंदीच्या रसाचा नवा गूळ. जलभरा संदेशाच्या पोटात तो पातळच भरलेला असतो. ऐटीत अर्धा चावला आणि ओढणीवर गुळाची धार लागली. अख्खा तोंडात टाकायचा असतो, हे नंतर कळलं.

दुपारी गाडीच्या आधी पुन्हा भवानी दत्त लेन. शुक्तो, डाळ, वांग्याचं भजं, पोस्तो, कातला माशाचा कालिया, म्हणजे दाट रस्सा. मधे कुठंही घाई नाही. चटणी आली तेव्हा बाकी पान रिकामं होतं, फक्त पापड आणि ती. गूळ, खजूर आणि आमसत्त्व, म्हणजे आंबापोळी, घातलेली. दोन घासांत संपली.

वाढप्यानं हातात कागद नसताना गल्ल्याकडे तोंड करून माझं जेवण ओरडून सांगितलं: पान एक, लिंबू एक, भात दोन, शुक्तो, डाळ, भजं, पोस्तो दोन, कालिया, चटणी, पापड. मी म्हटलं, “दादा, पोस्तो एकच.” त्यानं मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. मग आठवलं. कालिया यायच्या आधी मी परत मागितला होता.